अडसर आतून लागतो

पाऊस आला तेव्हा मी बसथांब्यावर होते आणि त्या थांब्याला छप्पर नव्हतं. आमच्या बेटावर आलेल्या मोठ्या वादळानं नेलं, ते कुणी परत बसवलंच नाही. समोरून एकजण डोक्यावर अख्खं दार घेऊन चालला होता. मी मागचापुढचा विचार न करता धावले आणि त्याच्या दाराखाली शिरले.

“या, या,” तो म्हणाला. “दार तयार आहे. घर तेवढं बांधायचं राहिलंय.”

“मी मागची बाजू धरते. फुकटचा आसरा नको मला.”

“धरा की! पण... मी बसच्या उलट्या दिशेला चाललोय हं.”

बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी मात्र दार धरून चालत राहिले. ओला शर्ट त्याच्या पाठीला चिकटला होता, आणि मी दुसरीकडे बघण्याचा प्रयत्न करत होते. अगदीच थोडा प्रयत्न.

त्याचं नाव जर्विस. वरच्या गावचा सुतार. वादळाला दाद न देणारी दारं-खिडक्या करायचा. ग्रीनहार्टचं लोखंडासारखं टणक लाकूड, जाड फळ्या, आतून आडवा अडसर. सगळी दारं बाहेर उघडणारी, म्हणजे वारा जितकं ढकलेल तितकं दार चौकटीत घट्ट बसणार.

“आणि वाऱ्यानं ओढलं तर?” मी विचारलं.

“त्यासाठी अडसर असतो ना. तुम्ही शिक्षिका आहात का हो?”

“कशावरून?”

“उत्तर येत असून विचारताय.”

मला अशाच सुताराची गरज होती. पपांसाठी. मोठ्या वादळात आमची खिडकी फुटली, वारा आत घुसला आणि छप्पर वर उचलून घेऊन गेला. फुटेपर्यंत पपा पाठ लावून ती खिडकी धरून उभे होते. तेव्हापासून जरा वारा सुटला की खिडकीला तळवा टेकून बसून राहायचे, डोळ्याला डोळा लागायचा नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, हा वादळांचा मोसम संपला की घर विकायचं आणि बर्मिंगहॅमला माझ्या बहिणीकडे जायचं. त्यांना एकटं कसं पाठवणार? मीही जाणार होते. माझी शाळा, हा समुद्र, ही गल्ली, सगळं सोडून. रडू यायचं, पण पपांसमोर नाही.

जर्विस कामाला लागला. पहिली खिडकी बसली तशी पपांनी एक वाळका नारळ उचलला आणि नेम धरून तिच्यावर फेकला.

“काका, एवढंच?” जर्विस हसला. “माझी आई याहून जोरात मारते. तेही मला.”

पपांनी आणखी तीन फेकले. खिडकी ढिम्म. पपांनी जर्विसला स्वतःच्या हातानं कोको चहा करून दिला. आमच्या घरात हा मान पाद्रीसाहेबांनाही मिळालेला नाही.

हळूहळू ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. एकेक खिडकी बसत गेली. उरली फक्त स्वयंपाकघराची, आणि तिचं काम काही केल्या संपेना. कधी बिजागरी चुकीची आलेली, कधी लाकूड ओलं. मी तळलेले बेक्स, आमच्याकडच्या जाड पुऱ्या, पुढं करायची, तो रंधा बाजूला ठेवून खात बसायचा.

सप्टेंबरात रेडिओनं इशारा दिला.

त्या दिवशी जर्विस उजाडताच आला आणि बेक्सना हातही न लावता राबला. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा नारळीची झाडं वाकायला लागली होती. वरच्या गावाचा रस्ता नदीनं अडवला होता. त्याची आई भावाच्या पक्क्या घरात होती. तिनं फोनवर बजावलं, आहेस तिथंच थांब.

तेवढ्यात समोरच्या टांट फेलिसियानं, अख्ख्या गल्लीच्या मावशीनं, आपल्या खिडकीतून हाक मारली, “जर्विस! वादळाला कुणाकडे बसतोयस रे?”

साधा प्रश्न नाही हा. आमच्याकडे वादळाला तरणा मुलगा मुलीच्या घरात बसला, की दुसऱ्या दिवशी लोक लग्नाची तारीख विचारतात. सगळ्या गल्लीचे हातोडे थांबले. जर्विसनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“आत ये पोरा,” पपा म्हणाले. “अडसर आतून लागतो. बाहेर उभा राहून काय करणार तू?”

दुपारी वादळ आलं. घर घुमायला लागलं. पपा खिडकीला तळवा लावून खुर्चीत बसले. जर्विस आणि मी स्वयंपाकघरात उभे होतो.

“घाबरलास?”

“हो.”

“स्वतःच्या खिडक्यांवर भरवसा नाही?”

“खिडक्या टिकतील गं. पण तुझे पपा तरीही जायचंच म्हणाले तर?” त्यानं अडसर चाचपला. “ओडेट, ही खिडकी केव्हाच झाली असती. मी मुद्दाम लांबवली. ही बसवली की यायला निमित्त उरणार नव्हतं.”

“ऐन मोसमात?” मी ओरडलेच. “आज पोहोचला नसतास तर? हे भगदाड उघडं ठेवून तू इथं बेक्स खात होतास?”

“चांगले होते.”

“जर्विस!”

“चुकलं. अक्कल नव्हती. माझं प्रेम आहे तुझ्यावर, म्हणून—”

धाड! काहीतरी येऊन त्याच खिडकीवर आदळलं. आम्ही दोघांनी एकदमच पाठी टेकवल्या. अडसर करकरला. माझा हात त्याच्या हातात होता, कधी गेला ठाऊक नाही. खिडकी हलली नाही. पुन्हा धाड. नाहीच हलली.

आणि मग बाहेरच्या खोलीतून एक आवाज आला. मला वाटलं, छप्पर. धावत गेले. पपा घोरत होते. हात मांडीवर पडलेला, तोंड उघडं, बाहेर जग उलटंपालटं होतंय आणि माझे पपा चक्क घोरत होते! मी जर्विसच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडले.

संध्याकाळी वारा पडला. जर्विसनं दार ढकललं, ते उघडेना. बाहेर फणसाची फांदी पडली होती. मग आम्ही खिडकीतून उतरलो, तो आधी, मी त्याच्या हातांवर.

“दार असताना खिडकीतून गं?” टांट फेलिसियानं विचारलंच.

मागून पपा खिडकीत आले, डोळे चोळत. “आलं का वादळ?”

“येऊन गेलं, पपा.”

त्यांनी वर पाहिलं. नवं छप्पर जागेवर होतं.

“बर्मिंगहॅमला फोन लाव,” ते म्हणाले. “सांग तिला, आम्ही येत नाही म्हणून.”

जर्विस मटकन खाली चिखलातच बसला. हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नसावं.

मी चांगला झगा घातला होता. तशीच त्याच्या शेजारी बसले.

“माझंही आहे,” मी म्हणाले. “प्रेम. मघाशी सांगायचं राहिलं.”