पिवळ्या खांबाचा पोचा

सौदीतल्या हुफूफच्या हॉस्पिटलमागे, स्टाफ क्वार्टर्सच्या पत्र्याच्या शेडखाली, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असत. डावीकडची जुनी, दमयंतीची. उजवीकडची पांढरीशुभ्र, कीर्तीची. दोघी एकाच वॉर्डात नर्स. कीर्ती वयाने लहान, मागून आलेली. पण गाडी नवी आणि विमाही 'शामिल', म्हणजे चूक कुणाचीही असो, तिची गाडी कंपनी दुरुस्त करून देणार. दमयंतीचा विमा नुसता थर्ड पार्टी. दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून द्यायचं, आपलं आपण सोसायचं. एरवी शहाण्यासुरत्या दमयंतीच्या पोटात या फरकाने रोज दुखायचं.

एकदा खजुरांच्या बाजारात मागे घेताना कीर्तीने गाडी पिवळ्या खांबावर घातली. थोड्याच दिवसांत ती वर्कशॉपमधून लखलखीत होऊन आली.

"चूक माझीच होती गं ताई," कीर्ती हसत म्हणाली. "तरी एका शब्दाने बोललं नाही कुणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंतीच्या गाडीला मागे, डाव्या अंगाला पोचा होता. कीर्तीच्या गाडीला होता तिथेच आणि तेवढाच. पोच्यात पिवळा रंग घासलेला. दमयंती तर कित्येक दिवसांत बाजाराकडे फिरकलीही नव्हती.

गॅरेजवाल्या हम्मादने पोच्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "पहले हादसे का कागज लाओ, सिस्टर." इथे अपघाताच्या कागदाशिवाय कुणी गाडीला हात लावत नाही. कागदासाठी ती ट्रॅफिक पोलिसांकडे गेली, तर तिथल्या माणसाने एवढंच विचारलं, "टक्कर कुणाशी?" ती कागदाशिवायच परतली. पोचा तसाच राहिला.

मग कीर्तीचा पुढचा दिवा फुटला, बदलून आला, आणि दमयंतीचा फुटला. या खेपेला तिने गाडी मुद्दाम पलीकडच्या भिंतीशी लावली होती. खाली काचेचा कणही नव्हता.

खरं तर तिने घाबरायला हवं होतं. पण ती जळली. नवेपण त्या पोरीचं आणि मोडतोड तेवढी आपल्या पदरात! कपाटातल्या देवांसमोर तिने हात जोडले. गाडीचं काय ते होऊ दे, पण एकदा हिला स्वतःला लागू दे. ते काही कंपनी भरून देणार नाही.

दम्मामच्या रस्त्यावर हिरव्या ट्रकने कीर्तीला ठोकलं. गाडी पार गेली. कीर्तीचा डावा हात खांद्याखाली मोडला.

दमयंतीने तिला स्वतःच्या हाताने वरणभात भरवला. मनातून तिला गार गार वाटत होतं.

"ड्रायव्हरचंही कव्हर घेतलं होतं गं मी," कीर्ती घास गिळत म्हणाली. "गाडी नवी देणार, आणि हाताचंही सगळं तेच बघणार."

दमयंतीचा चमचा थांबला.

यथावकाश कीर्तीचं प्लास्टर निघालं. नवी गाडी आली. दुसऱ्या दिवशी उजाडताच दमयंती धावत खाली गेली. तिची गाडी होती तशीच होती. नवा ओरखडासुद्धा नव्हता.

तिने हुश्श केलं आणि दार उघडायला डावा हात पुढे केला.

हात उचललाच गेला नाही.

एक्स-रे बघून हाडांचे डॉक्टर सत्यजित तिच्या मोडलेल्या हातावर वाकले. मग चिमट्याने त्यांनी तिच्या खांद्याखाली रात्रीतून उमटलेल्या जखमेतून रंगाचा पापुद्रा काढला. हिरवा.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "टक्कर कुणाशी झाली?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"ताई, दम्मामला निघालेय! नवी गाडी कसली पळतेय, ऐक."

"सावकाश चालव गं, सोन्या," दमयंती म्हणाली. इतक्या कळवळ्याने ती तिच्याशी आजवर बोलली नव्हती. "सावकाश जा. माझी शपथ आहे तुला."

पलीकडून कीर्तीचं हसू ऐकू आलं, आणि इंजिनाचा चढत जाणारा आवाज.