पाच कार्डं

संध्याकाळी दिवा लावला की घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची, हा माझा बावीस वर्षांचा नेम. त्यात आत्याचं नाव कधी आलं नाही. बाबा घेऊच देत नसत. "ती गेली असं कुणी सांगितलं तुला? घरी यायची राहिलीय, एवढंच."

आत्या नऊ वर्षांची असताना छातीच्या दुखण्यासाठी तिला दूरच्या इस्पितळात ठेवलं. बाबा तेव्हा पाच वर्षांचे. निघताना तिने त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या, दोन फासे आणि वर एक उलटी गाठ. म्हणाली, "मी येईपर्यंत सोडायची नाही हं." पुढे इस्पितळ दुसरीकडे हललं, पत्रं थांबली. बाबा तीन दिवस बूट घालूनच झोपले म्हणे. हे सांगताना ते खूप हसायचे आणि मग खिडकीकडे बघत बसायचे.

यंदा त्यांनी अंथरूण धरलं. "मी जायच्या आत तिचं काय झालं ते कळू दे गं," म्हणाले.

म्हणून मी अभिलेखागारात जाऊ लागले. उंच खिडक्या, लांब टेबलं, जुन्या कागदाचा कोंदट वास. नोंदवह्या काढून देणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एकाच नावाने शोधत बसाल तर जन्म जाईल. लिहिणारा कानावर पडेल तसं लिहायचा. माझ्या आजोबांची तीन आडनावं सापडली, तिन्ही चुकीची!" त्यांची रीत सोपी होती. नाव जितक्या तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल तितकी कार्डं करायची. खात्री पटली की एक ठेवायचं, बाकीच्यांवर काट मारायची.

दोन महिन्यांत पाच कार्डं भरली. कुठे एक अक्षर गळलेलं, कुठे आडनाव आधी. गावं पाच, इस्पितळं पाच. पण प्रत्येक नोंदीत वय नऊ, वडील म्हणून आमचे आजोबा, आणि डाव्या भुवईत व्रण. दाखल झाल्याची तारीख एकच. शेवटच्या रकान्यात पाचही ठिकाणी लिहिलेलं, 'घरी पाठवली'.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "चार कार्डांवर काट मारा," त्या म्हणाल्या. "कोणती, ते मात्र मला विचारू नका."

माझा हात धजेना. खरी असेल तिच्यावरच काट बसली तर?

बाबांना शेवटचा रकाना वाचून दाखवला. त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे निघालीय. मग नाव घे ना तिचं. हाक मारल्याशिवाय घर कसं सापडेल तिला?"

त्या संध्याकाळी दिव्यासमोर मी पाचही कार्डं वाचली. एकही नाव गाळलं नाही.

सकाळी बाबांचे बूट खाटेखाली होते. त्यांनी अंथरूण धरल्यापासून ते कपाटात पडून होते. मीच कधीतरी काढले असतील, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पाचही वाचली. बाबांच्या पायाशी पांघरूण दबलेलं दिसलं. मी हाताने सारखं केलं. ते हळूहळू परत दबलं.

तिसऱ्या संध्याकाळी बाबा भिंतीला सरकून निजले होते. खाट रुंद, तरी अगदी कडेला.

"बाबा, असे का निजलात?"

"जागा द्यायला नको?" ते कुजबुजले. "किती जणींना बोलावलंस गं?"

मी दिवा खाटेजवळ आणला.

"सगळ्या म्हणतात, चल. सगळ्यांच्या भुवईत व्रण आहे. मी कुणाचा हात धरू?"

मी कार्डं घेतली, पेन्सिल घेतली. पहिल्यावर काट मारायची की दुसऱ्यावर, ठरवता येईना.

त्यांचे पाय गार पडले असतील म्हणून पांघरूण उचललं.

पायात बूट होते. नाड्यांवर उलटी गाठ होती, आणि त्या गाठीवर आणखी चार. कुठली सैल, कुठली कचकचून आवळलेली. एकाच हाताने बांधल्यासारख्या त्या नव्हत्या.