शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास

विजा कडकडायला लागल्या की शिवरंजनी माणसांपासून लांब जाऊन उभी राहायची. ती जन्मली पायांकडून, आणि पायाळू माणसावर वीज पडते हे मानवतच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिला कुणी हाकलत नव्हतं, उलट सगळे जीव लावायचे. म्हणूनच तर... आपल्यापायी दुसऱ्याला काही व्हायला नको, एवढंच तिच्या मनात असायचं.

त्या दुपारीही तेच झालं. परतीच्या पावसाचे दिवस, शेतात सोयाबीनची काढणी चाललेली. आभाळ भरून आलं तशा कामावरच्या बायका आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, पक्क्या खोलीत शिरल्या, आणि ही शहाणी मात्र बांधावरच्या एकट्या कडुलिंबाखाली जाऊन थांबली.

रस्त्यानं चाललेली एक गाडी करकचून थांबली. आतला तरुण हाका मारून थकला आणि शेवटी भिजत स्वतःच आला.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी पायाळू हाय. माझ्याजवळ थांबू नका."

"कोण कसं जन्मलं ते वीज इचारत न्हाई. उंच काय हाय ते बघती, आन् इथं हा लिंब उंच हाय. चला, न्हाईतर मीबी इथंच उभा राहतो."

परक्याचा जीव धोक्यात नको, म्हणून ती निमूट गाडीत जाऊन बसली.

तो सोनपेठचा योगीराज. अंदमानातल्या एका वेधशाळेत नोकरीला, दिवाळीसाठी गावी आलेला. त्यानं काचा वर केल्या, तिला हात मांडीवर ठेवायला सांगितले, दाराच्या लोखंडाला शिवू दिलं नाही. गाडीवर वीज पडलीच तर ती पत्र्यावरून जमिनीत उतरते, म्हणाला. मग बेटावरच्या गोष्टी निघाल्या. तिथं सकाळभर ऊन तापतं, दुपारी दोन्ही अंगांनी समुद्रावरचं वारं आत शिरतं आणि बेटाच्या मधोमध ढग उभा राहतो. जाणते कोळी त्याआधीच होड्या किनाऱ्याला लावतात. बोलताना त्याच्या केसांतलं पाणी नाकावर ठिबकत होतं. तिनं रुमाल पुढं केला.

"शेवटचं गडगडल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं न्हाई," तो म्हणाला. "मधी परत गडगडलं, की अर्धा तास पहिल्यापासून."

"आन् गडगडतच राहिलं तर?"

"तर माझी तक्रार न्हाई."

तिनं झटकन खिडकीबाहेर पाहिलं. खोलीच्या दारात बायकांची तोंडं दाटली होती. तेवढ्यात पुन्हा गडगडलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं.

आठवड्याच्या आत सोनपेठहून मागणी आली. तिची आई शांतम्मा तर हरखूनच गेल्या, पण वडील ईश्वरअप्पांनी विचारलं तेव्हा लेक नाही म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन रडली. जिथं रोजच्या विजा, तिथं आपण त्याच्या शेजारी राहायचं?

अंदमानला निघायच्या आदल्या दिवशी योगीराज अप्पांना विचारून आखाड्यावर आला. बोलायला तोंड उघडतो तोच आभाळ गरजलं, आणि दोघं पुन्हा त्याच गाडीत.

"मी पसंत न्हाई का?"

"तसं असतं तर सोपं होतं की हो..." ती मांडीवरच्या हातांकडं बघत म्हणाली. "तुमच्यावर पडली तर?"

"त्या दिवशी एकाच पत्र्याखाली बसलो होतो. पडली का?" त्यानं काचेवरची वाफ पुसली. "तुमी न्हाई म्हणा, मला मंजूर हाय. पन एक कबूल करा. परत कधी झाडाखाली एकटं जायचं न्हाई. तिथं गेल्यावर मला तीच फिकर लागून राहील."

ती बघतच राहिली. घरच्यांचाही जीव वरखाली व्हायचा, पण तिला माघारी बोलवायची हिंमत आजवर कुणाला झाली नव्हती.

पाऊस उघडला. तो मधून मधून घड्याळ बघत राहिला.

"झाला अर्धा तास," म्हणत त्यानं दाराकडं हात नेला. तिनं त्याची बाही धरली.

"थांबा. आत्ता गडगडलं."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, लिंबावर साळुंक्या भांडत होत्या. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

"मग पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली, आणि या खेपेला त्याच्याकडं सरकून बसली.