मैदानावरची पिवळी चौकट

किडे गवत खातात हे मला ठाऊक होतं. पण पट्टी आणि गुण्या लावून, चारही कोपरे काटकोनात ठेवून खातात, हे मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते.

तो फोटो आमच्या कासारमळ्याच्या मैदानाचा होता, ड्रोनने वरून काढलेला. सगळं मैदान हिरवंगार आणि पूर्वेच्या बाजूला मात्र वाळलेल्या गवताची एक लांबट पिवळी चौकट. मैदान समितीचे अध्यक्ष उत्तमरावकाका सोमवारच्या बैठकीत तो फोटो भिंतीवर दाखवत होते.

"हुमणी!" ते म्हणाले.

हुमणी म्हणजे जमिनीखाली राहणारी पांढरी, वाकडी अळी. ती गवताची मुळं खाते. मग वरचं गवत ओढलं की सतरंजीसारखं सुटून हातात येतं. चौकटीतलं गवत तसंच येत होतं, त्यामुळे हुमणी आहे याबद्दल वादच नव्हता.

"गुरुवारी फवारणीचा ड्रोन येतोय. सगळ्या मैदानावर औषध मारून टाकू. वीस दिवसांवर जिल्ह्याची खो-खो स्पर्धा आलीय, ती इथून हलली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

हे ऐकून खोलीतले सगळे हिंदुरावमामांकडे बघायला लागले.

हिंदुरावमामा आमच्या मैदानाचे राखणदार. आता २०५१ साल चालू आहे. आसपासच्या बाकीच्या मैदानांवर गवत कापायला, पाणी द्यायला यंत्रमानव असतात. आमच्याकडे मामा आहेत. ते रोज सकाळी अनवाणी अख्ख्या मैदानाला फेरी मारतात आणि कुठे पाणी कमी पडलंय ते तळपायाने ओळखतात. तण उपटायला खुरपं घेऊन गुडघ्यावर बसतात. एकतीस वर्षांत त्यांनी या मातीत विषाचा एक थेंब पडू दिला नव्हता. "पोरं इथं लोळत्यात. लोळायच्या जागंला इख कशाला?" एवढंच त्यांचं म्हणणं. मला मामा फार, म्हणजे फारच आवडतात, हे आत्ताच सांगून टाकते.

"मामा, तुमच्या हट्टापायी मैदान गेलं," काका म्हणाले. "वेळेवर फवारलं असतं तर ही वेळ आली नसती."

मामांनी टोपी काढून हातात घेतली. "साहेब, हुमणी मी लई बघितली. ती अशी चौकोनात बसत न्हाई. गुरुवारपातूर थांबा, एवढीच इनंती."

मी शाल्मली, वय बारा, मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार. मला राग आला की थेट कानशिलं तापतात. त्या दिवशी ती तापली होती. मामांना कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गुरुवारच्या आत मामांचं बरोबर आहे हे सिद्ध करायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मामांना ओढतच यमूआजींकडे घेऊन गेले. यमूआजी म्हणजे डॉ. यमुना देशिंगकर. आयुष्यभर त्यांनी मातीचा अभ्यास केला. आता निवृत्त झाल्यात म्हणे, पण त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा मातीच्या बरण्याच जास्त असतात. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला.

"निसर्गात इतक्या सरळ रेषा क्वचितच असतात," त्या म्हणाल्या. "सरळ रेष दिसली की माणसाचा हात शोधावा. कानोबा, चल रे!"

कपाटातून नारळाएवढा एक यंत्रमानव टुणकन उतरला. त्याला तीन पाय होते आणि पोटातून एक लांब पोलादी सुई बाहेर यायची. "आपल्या आज्ञेची वाटच पाहत होतो," तो म्हणाला. कानोबा भारी शिष्ट बोलतो.

मैदानावर उत्तमरावकाका आधीच हजर होते. "बघू तरी काय शोधताय ते," असं म्हणून तेही आमच्या मागोमाग निघाले.

"कानोबा मातीचे आवाज ऐकतो," यमूआजींनी सांगितलं. "याला मृदा-ध्वनिशास्त्र (मातीतले आवाज ऐकून तिची तब्येत ओळखण्याचं शास्त्र) म्हणतात. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसंच."

कानोबाने हिरव्या भागात सुई खुपसली आणि मी हेडफोन लावला. आणि काय सांगू! माझ्या पायाखाली बाजार भरला होता. काहीतरी सळसळत होतं, काहीतरी कुरकुरत होतं, मधूनच टक, टक, टक.

"सळसळतंय ते गांडूळ," कानोबा सांगू लागला. "बारीक खरखर म्हणजे मुंग्यांची रांग. टकटक करतोय तो काळा भुंगा, शिकारीला निघालेला दिसतो. एक मिनिटात एकशे अठरा आवाज. माती ठणठणीत आहे."

मग आम्ही पिवळ्या चौकटीत गेलो. आमचं खो-खोचं क्रीडांगण तिथेच आहे. मधली माती मोकळी आणि चारी बाजूंनी गवत. कानोबाने सुई खुपसली. मी वाट पाहिली. काहीच नाही. मला वाटलं हेडफोन बिघडला. मग खूप खोलवरून आवाज आला, करर्... करर्... करर्...

"हुमणी," कानोबा म्हणाला. "मुळं चावते आहे. बाकी कुणीही घरी नाही."

मी हेडफोन मामांना दिला. ते बराच वेळ ऐकत राहिले. "मुंग्या न्हाईत," ते हळूच म्हणाले. "गांडूळ न्हाई. हितं काय झालंय हो आजी?"

"तुम्हीच सांगा, हिंदुराव. हुमणीची अंडी कोण खातं?"

"मुंग्या. आन् ल्हान अळी भुंगं खात्यात."

"बरोबर. यांना हुमणीचे नैसर्गिक शत्रू (किडीला खाऊन तिची संख्या आटोक्यात ठेवणारे जीव) म्हणतात. म्हणजे ते आपले मित्र. दरवर्षी पावसाच्या तोंडावर संध्याकाळी भुंगेरे, म्हणजे मोठी होऊन पंख फुटलेली हुमणी, उडत येतात आणि मातीत चार बोटं खाली अंडी घालतात. तुमच्या मैदानात ती बहुतेक सगळी फस्त होतात. एकतीस वर्षं हे काम मुंग्या तुमच्यासाठी फुकट करत आल्या. आता शाल्मली, समज, कुणी वरून विष टाकलं. आधी कोण मरेल?"

प्रश्न मला होता. "वर फिरणारे," मी म्हणाले. "मुंग्या आणि भुंगे."

"आणि चार बोटं खालची अंडी?"

"ती... वाचतील. आणि त्यांना खायला कुणी उरणारच नाही!"

"शाबास. विषाला शत्रू-मित्र कळत नाही. त्याने पहारेकरी मारले आणि चोर आत तसाच राहिला. म्हणून फवारल्यावर कीड कधी कधी आधीपेक्षा जास्त वाढते. याला किडीचा पुनरुद्रेक (दबलेली कीड पुन्हा जोराने उसळणं) म्हणतात."

उत्तमरावकाकांनी घसा खाकरला. "पण इथे विष टाकलं कुणी? फवारणी तर मामांनी कधी करूच दिली नाही."

कानोबा एव्हाना तुरुतुरु चालत क्रीडांगणाच्या पांढऱ्या रेषेपाशी पोचला होता. त्याच्या सुईच्या टोकाला रसायन-संवेदक (वस्तूतली रसायनं ओळखणारा भाग) आहे. त्याने ते टोक रेषेवर टेकवलं आणि त्याचा हिरवा दिवा लाल झाला.

"या रेषेच्या भुकटीत कीटकनाशक (किडे मारणारं विषारी रसायन) आहे. पावसाच्या पाण्याबरोबर ते बाजूच्या गवतात मुरलं आहे. चौकटीचा आकार रेषांशी तंतोतंत जुळतो."

रेषा मारायच्या पांढऱ्या भुकटीला आम्ही फक्की म्हणतो. फक्कीची पोती मामांच्या खोलीत असतात आणि त्या खोलीची किल्ली फक्त मामांकडे असते. हे कासारमळ्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काकांनाही होतं.

"म्हणजे मामा, तोंडाने नाही नाही म्हणायचं आणि हाताने..." काका थांबले. त्यांनाही वाईट वाटत असावं. "असो. किल्ली द्या. उद्यापासून दुसरी व्यवस्था करू."

मामांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला.

मला मात्र सगळं आठवलं होतं. लाल दिवा लागला त्याच क्षणी आठवलं होतं. मे महिन्यात समीरा मुजावरला, म्हणजे आमच्या सगळ्यात चपळ खेळाडूला, पाटीतल्या तिच्या चौकोनात बसलेली असताना लाल मुंगी चावली. खो मिळायच्या आधीच ती ओरडत उठली, फाउल झाला आणि तो सामना आम्ही हरलो. मला हरणं अजिबात सहन होत नाही. पुढच्या रविवारी मी घरून मुंग्यांच्या पावडरीचा डबा आणला. मामा आम्हाला रेषा मारायला फक्की काढून देतात आणि पाणी सोडायला जातात. तेवढ्यात मी अख्खा डबा घमेल्यातल्या फक्कीत मिसळला. दोन्ही पांढरे, कळलंच नाही कुणाला. मुंग्या खरंच गायब झाल्या. मग मी दर रविवारी तेच केलं. पाच महिने. स्वतःला मी फार हुशार समजत होते.

गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला होता, खोटं कशाला सांगू? माझं कर्णधारपद, माझा संघ, आणि मुख्य म्हणजे मामांची माझ्याबद्दलची माया, सगळं एका वाक्यात जाणार होतं. पण मामांची किल्ली खिशाबाहेर आली आणि मला राहवलं नाही.

"मामांनी नाही, मी टाकली!" मी ओरडलेच. "मुंग्यांची पावडर. फक्कीत. दर रविवारी. मामांना काहीच माहीत नव्हतं."

मी मान खाली घातली आणि मामांच्या रागाची वाट पाहत उभी राहिले.

मामा पुढे आले. त्यांनी माझे दोन्ही हात मनगटाशी धरले आणि उलटेपालटे करून पाहिले.

"ह्याच हातांनी मिसळलीस?"

मी मान हलवली.

"कवाधरनं?"

"मे महिन्यापासून."

त्यांनी मला तसंच नळापाशी नेलं. साबण घेतला आणि लहान मुलीचे धुवावेत तसे माझे हात धुतले. बोटांच्या मधून, नखांच्या आतून, एकदा, दोनदा, तीनदा. "मैदान हुईल नीट," ते म्हणत होते. "गवात काय, परत येतंय. तुला काय झालं असतं म्हंजे, पोरी?" मला रडू फुटलं आणि ते थांबेचना.

यमूआजी जवळ येऊन बसल्या. "हिंदुराव घाबरले ते बरोबरच आहे. शाल्मली, तुम्ही मैदानात उतरताना काय करता?"

"माती कपाळाला लावतो."

"आणि घाम आला की त्याच हाताने डोळे पुसता. पाटीत बसताना तळवे रेषेजवळ टेकता. नंतर त्याच हाताने लाडू खाता. मुलांचं अंग लहान, म्हणून तेवढंच विष त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. तुमच्यात हल्ली कुणाचे डोळे चुरचुरतात का?"

समीराचे चुरचुरत होते. हवा बदलली की होतं, असं आम्ही तिला सांगत होतो. मुंगीपासून जिला वाचवायला निघाले, तिच्याच डोळ्यांत मी पावडर घालत होते. आजही हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो.

उत्तमरावकाका दूर जाऊन फोनवर बोलत होते. परत आले तेव्हा म्हणाले, "ड्रोन रद्द केला. सगळ्या मुलींना उद्या डॉक्टरांकडे नेऊ." मग ते मामांसमोर उभे राहिले. समितीच्या अध्यक्षांनी मैदानाच्या राखणदारापुढे हात जोडलेले मी तेव्हा पाहिले. "मामा, माझं चुकलं. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."

पुढचं काम सोपं नव्हतं. मोठ्या माणसांनी हातमोजे घालून रेषांची वरची माती खरवडली आणि घातक कचऱ्याच्या गाडीत दिली. आम्हा मुलांना तिकडे फिरकायचीही बंदी होती. बाकीच्या गवताखालून माणसांनी हुमणी वेचली. उरलेल्या हुमणीसाठी आजींनी शेणखतात मिसळून एक बुरशी टाकायला दिली. तिचं नाव मेटारायझियम. ती हुमणीच्या अंगावर वाढते आणि तिला संपवते. खो-खोचं क्रीडांगण आम्ही पश्चिमेला हलवलं आणि स्पर्धा तिथेच झाली. समीराचे डोळे तोवर बरे झाले होते. उपांत्य फेरीत आम्ही एका गुणाने हरलो. मुंगीमुळे नाही, माझ्यामुळे. मी सूर मारायला उशीर केला.

"जुन्या जागी मुंग्या कधी येतील?" मी आजींना विचारलं होतं.

"येतील. वर्ष लागेल, कदाचित दोन. बोलावून येत नाहीत त्या. आपण फक्त त्यांच्या वाटेत विष टाकायचं नाही."

कर्णधारपद मी स्वतःहून समीराला दिलं. पण मामांनी मला दुसरं काम लावलं, आणि ते कर्णधारपदापेक्षा अवघड आहे. दर रविवारी रेषा मारायच्या आधी मी लहान मुलांना गोळा करते आणि मी काय केलं होतं ते त्यांना सांगते. डब्यापासून नळापर्यंत सगळं. दर वेळी माझी कानशिलं तापतात, पण एक शब्द गाळत नाही. मामा बाजूला उभे राहून ऐकतात.

गेल्या रविवारी तिसरीतली एक मुलगी शेवटपर्यंत बसून राहिली. बाकीची मुलं पांगल्यावर ती माझ्याजवळ आली.

"ताई, आमच्या शाळेच्या झोपाळ्याखाली पण पांढरी पावडर असते. ती कसली?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग विचारायचं कुणाला?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी खुरपं ठेवलं, हात धुतले आणि पायात चपला सरकवल्या. आम्ही तिघं झोपाळा बघायला निघालो.