महिना सरू द्या

पिंप्राळ्यातल्या आमच्या घराला शहाबादी फरशीचा ओटा आहे. तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तो तव्यासारखा तापतो. १९८५ च्या अधिक श्रावणात पावसाने ओढ दिली होती, आणि दुपारी दोनला त्या ओट्यावर मांजरसुद्धा बसत नव्हतं.

म्हणून समोरच्या कुंदाबाई बोलल्या तेव्हा मी हसलो.

"नाना, तुम्हना ओटावर पाहुण्या बशेल व्हत्यात. एक बाई नि दोन पोरी. इतला उन्हमा जाड कोट घालेल!"

"स्वेटर विकणाऱ्या असतील," मी म्हणालो.

मी सदतीस वर्षं जळगावच्या एका जिनिंग कारखान्यात जावक कारकुनी केली. स्वतः पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही ही सवय. ओट्यावर हात टेकवून पाहिला. फरशी चटके देत होती. फक्त तीन जागा गार होत्या. एक मोठी, दोन लहान.

माझ्या बायकोला, यशोदाला, मी काही सांगितलं नाही. ती जावयासाठी अनारसे तळत होती. धोंड्याचा महिना होता ना.

असाच अधिक श्रावण १९३९ सालीही आला होता. कारखान्यात तेव्हा यंत्रांवर ब्लूमसाहेब होते, व्हिएन्नाचे ज्यू. हिटलरच्या माणसांनी त्यांना भर रस्त्यात गुडघ्यावर बसवून फरसबंदी घासायला लावली होती. ते कसेबसे निसटून इथे आले. बहीण आणि तिच्या दोन मुली मागे राहिल्या. त्यांना हिंदुस्थानात यायचं तर इथल्या कोणीतरी पोसण्याची हमी द्यायला हवी होती. आमचे मालक रुपचंदशेठ तयार होते. हमीपत्रावर सही तेवढी उरली होती. ते कागद, तिघींच्या फोटोसकट, साहेबांनी माझ्या हाती दिले.

मी ते फडताळात ठेवले. अधिक महिना नुकताच लागला होता. आमच्या घरी धोंड्यात कोणी नवं काम काढत नसे, आणि तीन जिवांचा नवा संसार अशा महिन्यात मांडायचा? मला त्यांचं भलंच करायचं होतं. आजही हे वाक्य मनात आलं की मला माझीच शिसारी येते.

साहेब रोज विचारत, "तोताराम, सही?"

"महिना सरू द्या, साहेब."

"जादा महिना आमच्या पंचांगातही असतो," ते एकदा म्हणाले. "पण त्यात आम्ही माणसं थांबवत नाही."

निज श्रावण लागताच मी कागद पुढे केले. शेठनी उभ्या उभ्या सही केली. "अरे, महिनाभर कुठे होते हे? मी नाही म्हटलं असतं का?"

पाकीट गेलं, आणि पंधरा दिवसांत लढाई पेटली. १९४६ साली साहेबांना दोन ओळींचं पत्र आलं. तिघींना पोलंडमधल्या छावणीत नेलं. परतल्याची नोंद नाही. त्या छावण्यांत काय चालायचं ते तोवर सगळ्या जगाला कळलं होतं. फोटोत धाकटी सहा वर्षांची होती.

साहेबांनी पत्राची घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं.  चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९८५ चा तो सबंध अधिक महिना कुंदाबाई मला सांगत राहिल्या. थोरलीच्या मांडीवर पेटी असते. धाकटी पाय हलवत बसते. तिघी दाराकडे बघत असतात. मी रोज दुपारी दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसे. बाहेर काही वाजत नसे. कडीला हात लावायची माझी छाती झाली नाही.

अमावस्येला मी यशोदाला सगळं सांगितलं. सेहेचाळीस वर्षांनी, पहिल्यांदा.

तिने स्टोव्ह बंद केला. तीन ताटल्या काढल्या, त्यांत अनारसे वाढले.

"आधी दार उघडा," ती म्हणाली.

उघड्या अंगाने कसं जायचं, म्हणून मी सदरा घातला. गुंड्या लावल्या. मग कडी काढली.

"या," मी म्हणालो. "आत या."

ओट्यावर कोणी नव्हतं.

समोरून कुंदाबाई म्हणाल्या, "आत्तेच गयात, नाना. ती बाई आज पहिल्यांदा बोलनी. मझार, तुम्हना घरमा, जाऊत का, इचारं. मी सांगं, धोंडाना आखरी दिन शे, महिना सरू द्या."

मी उंबऱ्यावरच खाली बसलो.

आज नागपंचमी. काल पाऊस झाला, ओटा भिजला आणि पुन्हा तापला. दोन जागा आता बाकीच्या फरशीसारख्याच लागतात.

तिसरी, धाकटीची, ओट्यावर सापडली नाही. सकाळी मी अनवाणी उठलो तेव्हा ती पायाला गार लागली, उंबऱ्याच्या आत.