न धुतलेला झेंडा

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि कॅझ बिअरचा दुसरा कॅन फोडत होता. फुटबॉलची मॅच दुपारी एकची. ईरी सरोवरावरून येणारा वारा स्टेडियमच्या पार्किंगमधल्या गाड्यांच्या रांगांतून घुसत होता, आणि प्रत्येक पिकअपच्या मागे एक शेगडी, एक घडीचं टेबल आणि संघाचा एक झेंडा होता. त्याची बायको कोरिन गाडीच्या काचा बंद करून पुढच्या सीटवर बसली होती. चार महिन्यांची नेल तिच्या कुशीत झोपली होती.

निळ्या कडा आणि मधे पांढरा पट्टा, एवढ्यापुरताच कॅझच्या घरच्यांचा, गोर्स्कींचा झेंडा इतरांसारखा होता. कॅझच्या वडिलांनी तो एकतीस वर्षांपूर्वी घेतला आणि तेव्हापासून त्याला पाणी लागू दिलेलं नव्हतं. जिंकत असताना काही धुवायचं नाही, हे या गावात शेंबडं पोरही सांगेल. कोणी मोजे धुवत नाही, कोणी टोपी. पण मोसम संपला की ते मोजे एकदाचे मशीनमध्ये जातात. गोर्स्कींचा मोसम संपतच नसे. पाऊस आला की माणसं भिजत, झेंडा ताडपत्रीखाली जाई.

पांढरा पट्टा आता शिळ्या सायीच्या रंगाचा झाला होता. त्यात बिअर होती, सॉसेजची चरबी होती, कोणाच्या तरी फुटलेल्या नाकाचं रक्त होतं. आणि थुंकी. कारण झेंडा चढवण्याआधी घरातला प्रत्येक जण त्यावर तोंड टेकवायचा. प्रत्येकाची जागा ठरलेली. पट्ट्यावर ओळीने अंड्याएवढे डाग होते, आणि कुठला डाग कोणाचा हे सगळ्यांना पाठ होतं. मूल वर्षाचं व्हायच्या आत एका रविवारी त्याचं तोंड तिथे टेकवायचं, मग ती जागा जन्मभर त्याची. पहिल्या दोन जागा सासू-सासऱ्यांच्या; पुढच्या सुनांना जागा नसे. कोरिनला सासरची एवढी एकच रीत आवडली होती.

कॅझच्या आईने, लॉरेटाने, काचेवर टकटक केलं. "पुढच्या रविवारी आमच्या नेलबाईंची पाळी हं!"

कोरिनने काच चार बोटं खाली घेतली. "लॉरेटा, त्या कापडावर काय काय असेल, कल्पना आहे तुम्हाला? मी कॉलेजात चार वर्षं जंतूच शिकलेय."

"जंतू!" सासूबाई हसल्या. "माझी दोन्ही पोरं त्याच जंतूंवर पोसली. हा बघ एक, सव्वासहा फुटांचा."

"उंची दिली जंतूंनी," शेगडीजवळून कॅझ ओरडला, "अक्कल तेवढी खाऊन टाकली!"

"ती होती कधी, मेल्या?"

सगळे हसले. कोरिनही हसली, पण काच तिने पुन्हा वर केली.

नेलचं लंगोट बदलायला ती मागच्या बाजूला गेली तेव्हा झेंडा अजून काठीला लावायचा होता. टेबलाच्या कडेवरून तो लोंबत होता. आजूबाजूचे झेंडे थंडीने पत्र्यासारखे ताठ झाले होते. हा मऊ होता. ओलसर. त्याला वास होता, आणि तो वास तिच्या ओळखीचा होता. बाळाच्या मानेच्या घडीत दूध साचून आंबतं, तसा. तिने श्वास रोखून बोटाच्या मागच्या बाजूने कापडाला स्पर्श केला. ते ताप आलेल्या कपाळासारखं गरम होतं.

तीस पावलांवर, दुसऱ्या कोणाच्या शेगडीपाशी, कॅझने सॉसेज पावात घातलं, त्यावर मोहरीचा पिवळा सॉस पिळला आणि मोठा घास घेतला.

ओळीतला चौथा डाग कॅझचा. कोरिन त्या डागाकडेच बघत होती. डागाच्या मधोमध एक पिवळा ठिपका उमटला, पसरला. मग तो एका कडेने नाहीसा झाला आणि डाग लकाकला, कोणी आतून जीभ फिरवावी तसा.

पलीकडे कॅझ ओठ चाटत होता.

टेबलावर सॉस सांडला असेल, तिने स्वतःला सांगितलं. कापड आहे, शोषून घेतं. तिने ते बोट तीन वेळा जंतुनाशकाने पुसलं, आणि तरी दिवसभर त्या हाताने नेलला धरलं नाही. संघ जिंकला. ओळीने नववा विजय.

पुढचा रविवार टळणार नव्हता. कॅझशी ती दोनदा भांडली. "माझ्या आईचं एवढंच एक मागणं आहे," तो म्हणाला, आणि तिथेच विषय संपला. मग कोरिनने ठरवलं: तोंड टेकवायचंच असेल, तर निदान स्वच्छ कापडावर. साबणाचा वास लपवायला वर थोडी बिअर शिंपडता येईल.

बुधवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांकडे जाते असं सांगून तिने नेलला वरच्या मजल्यावर लॉरेटाकडे ठेवलं. गॅरेजमधून झेंडा काढून कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबला. घरच्या मशीनचा आवाज वर गेला असता, म्हणून तीन मैलांवरची, नाणी टाकून स्वतः कपडे धुवायची लाँड्री. तिथे पोचून तिने पिशवी उघडली, तर ती आतून दवाने डबडबली होती. बंद मोटारीच्या काचा श्वासाने होतात तशी.

उकळतं पाणी, दुप्पट पावडर, वर झाकणभर ब्लीच. लाँड्रीत दुसरं कोणी नव्हतं. मशीनच्या गोल काचेत पाणी आधी पिवळट झालं, मग करडं. मग त्यात पांढऱ्या गाठी फिरू लागल्या, फाटलेल्या दुधासारख्या. कोरिन तोंडावर हात दाबून बाकावर बसली.

फोन वाजला. कॅझ कारखान्यातून बोलत होता.

"डब्यात काय दिलं होतंस गं?"

"का? टर्कीचं सँडविच."

"साबण खाल्ल्यासारखं लागतंय. फेस येतोय तोंडातून. खरंच, थट्टा नाही. हे लोक म्हणतायत, बायकोने विष घातलं." तो हसायला गेला आणि खोकतच राहिला.

"चूळ भर," ती म्हणाली.

मशीन थांबलं. चिमट्यात धरावा तसा दोन बोटांनी उचलून तिने झेंडा ड्रायरमध्ये टाकला आणि उष्णता पूर्ण चढवली. लवकर संपवायचं होतं. दहा मिनिटांनी तिने लॉरेटाला फोन लावला.

"जीभ टाळ्याला चिकटलीय माझी," लॉरेटाचा आवाज घोगरा झाला होता. "तीन पेले पाणी प्याले. मघाशी ब्लीचची चव, आता हे. आणि ही बघ ना, गप्प राहीना."

मागे नेल रडत होती. बारीक, कोरडं रडणं.

"बाटली द्या तिला."

"देतेय ना. घेत नाही. ओठांना भेगा पडल्यात लेकराच्या, सुकलेल्या सालीसारख्या."

"तिच्या ओठांना?" कोरिन उठून उभी राहिली. "तिच्या का?"

पलीकडे पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"लॉरेटा."

"रागावू नकोस पोरी. मोसमाच्या तिसऱ्या आठवड्यात. आधीच्या दोन मॅच हरलो होतो, आणि तिसरीही हातातून चालली होती. तू गाडीत झोपली होतीस. मी तिचं तोंड जरासं, एका बाजूला... रडली नाही गं. चोखत राहिली. सोडवावी लागली." मग, हट्टाने: "तेव्हापासून हरलोय का एकदा तरी?"

ड्रायर फिरत होता.

कोरिनने दार खेचलं. आतली गरम हवा तोंडावर आली. झेंडा दुकानातून आणल्यासारखा पांढराशुभ्र झाला होता. डाग गेले होते. पण डागांच्या जागी कापड चुणीने आवळलं होतं, ओळीने, मिटलेल्या ओठांसारखं.

शेवटची चुणी शिवणीजवळ होती. अक्रोडाएवढी. भेगाळलेली.

ती हलत होती.

दोनदा ओढ, मग थांबा. दोनदा ओढ, मग थांबा. नेलला अंगावर पाजताना ही लय कोरिन रोज आठ वेळा अनुभवत होती.

आणि त्याच क्षणी, तिला न विचारता, पान्हा फुटला. सदरा दोन ठिकाणी ओला झाला.

फोनमध्ये नेलचा आवाज बसत चालला होता. आता नुसती घरघर.

"कोरिन? अगं, श्वास कसा घेतेय ही... कोरिन!"

तिने फोन स्पीकरवर टाकून ड्रायरवर ठेवला. कोटाची बटणं काढली आणि ती चुणी छातीशी धरली. डोळे मिटून घेतले.

दात नव्हते. हिरड्या होत्या.

रडणं थांबलं. लाँड्रीत फक्त विजेच्या नळ्यांची गुणगुण उरली.

"हं, शांत झाली गं बाई," लॉरेटाने निःश्वास सोडला. मग ती अगदी हळू बोलली.

"कोरिन, बाटली माझ्या हातात आहे. मग हिच्या ओठांच्या कडेनं हे दूध कुठलं येतंय?"