दोन तासांनी उरलेला ठिपका

"बाबा, तुम्ही हिले काय चारून राहिले होते?"

निरंजनने रिपोर्टचा कागद ताटाशेजारी आपटला आणि नरहरीचा घास हातातच राहिला. सून देवश्रीच्या रक्तात कॅल्शियम फार वाढले होते. दोन वर्षांपासून तिची हाडे ठणकत होती, दोनदा मूतखडा झाला होता, आणि तिचे दुखणे बघवेना म्हणून नरहरी रोज सकाळी आपल्या तंबाखूच्या डबीतला गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात कालवून तिला देत होता... हाडे बळकट होतात, असे रेल्वेत त्याच्यासोबत काम करणारे सगळेच म्हणत.

"चुना, अजून काय! तुझ्या आईलेही देत होतो..."

"म्हणूनच गेली ती! आईले खाल्लं, आता हिलेही खाता काय?"

"अहो, काय बोलता हे!" देवश्री रडू लागली.

नरहरीने ताट बाजूला सारले. त्याच्या बायकोला, कमलाला, जाऊन सात वर्षे झाली होती. मांडीचे हाड मोडून ती अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यानेच तिला दही भरवले होते, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत!

दुसऱ्या दिवशी दोन सदरे पिशवीत घालून तो तात्यापारा मोहल्ल्यात देवीदासच्या वरच्या खोलीत राहायला गेला. "पोट्ट्याचं काय मनावर घेतं बे!" जुना सोबती देवीदास म्हणाला. पण नरहरीच्या मनात पोराचा राग नव्हताच... पोराचे खरे असले तर, एवढे एकच होते.

तीन आठवड्यांनी देवश्रीचा फोन आला.

"मामाजी, डॉक्टर म्हणतात गळ्यातली एखादी ग्रंथी बिघडली असंल, पण सोनोग्राफीत काहीच नाही दिसलं. आता दुसरा स्कॅन आहे. त्यातही नाही दिसलं तर दोन्हीकडून गळा उघडून शोधावं लागते म्हणतात... ह्यांची सिलतऱ्याच्या प्लांटातून दुपारशिवाय सुटका नाही होत. मले भेव लागून राहिलं. तुम्ही या न!"

"मी येऊन काय करू, बेटा? माझ्यानंच तर..."

"तुम्ही फक्त या."

तो गेला. देवश्रीला सुई टोचून औषध दिले, मान ताणून निजवले, आणि मशीन तिच्या गळ्यावर हळूहळू उतरले. पहिला फोटो झाला. दुसरा दोन तासांनी.

"बाबूजी, थायरॉइड के पीछे चावल के दाने जैसी चार ग्रंथियाँ होती हैं, ख़ून का कैल्शियम वही सँभालती हैं," मशीन चालवणारी रीना म्हणाली. "बाकी जगह से दवाई धुल जाएगी. जो बिगड़ी है, उसमें रुकी रहेगी."

औषध किरणोत्सारी होते म्हणून देवश्रीला वेगळ्या खोलीत बसवले होते. नरहरी बाहेरच्या बाकावर बसला. मशीनची घरघर आतून येत होती, गाडी लांब पुलावरून जावी तशी, आणि त्याचे डोळे मिटले... समोर खिडकीशी कमला बसली होती. केस मोकळे, मांडीवर हात. बाहेर स्टेशने येत होती आणि जात होती, एकावरही नाव नव्हते.

"कमला," त्याने विचारले, "मी मारलं काय तुले?"

तिने वळून पाहिले. ओठ हलले... पण गाडीच्या आवाजात काही ऐकूच आले नाही!

"बाबूजी, अंदर आइए. डॉक्टर साहब बुला रहे हैं."

आत निरंजन आला होता. अंगावर प्लांटचा निळा शर्ट, भुवयांवर काळी धूळ. त्याने बापाकडे पाहिले नाही. दोन्ही फोटो पडद्यावर होते. पहिल्यात गळ्याच्या मध्यभागी सगळीच धूसर चमक होती. दुसऱ्यात ती विरून गेली होती, आणि डावीकडे, खाली, एकच ठिपका तसाच जळत होता.

"ये रही," डॉक्टर म्हणाले. "अब एक ही तरफ़ छोटा चीरा लगेगा."

"और वो चूना?" निरंजनने विचारले.

"चूना बंद ही रखिए. पर दाने भर चूने से ये नहीं होता. ये गाँठ बरसों से हड्डी का कैल्शियम ख़ून में उतार रही है. बेटी, मायके में किसी को थी ऐसी तकलीफ़? पथरी, हड्डी टूटना?"

"मेरी बुआ को..." देवश्री म्हणाली आणि एकदम थांबली.

तिची आत्या म्हणजे कमलाच! मामाची मुलगी करायची त्यांच्याकडे रीतच होती. कमलाने आपल्या भावाची पोर हौसेने सून करून आणली होती. कमलाला तीनदा खडे झाले होते, नुसते घसरून पडण्याने मांडी मोडली होती... आणि सगळे म्हणाले होते, वय झालं. देवश्रीने अडखळत हे सगळे डॉक्टरांना सांगितले.

"कभी-कभी ख़ानदान में चलता है," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "उनका अब पक्का कोई नहीं बता सकता. पर आप उन्हीं के बेटे हैं न? अपना ख़ून जँचवा लीजिए."

बाहेर आल्यावर निरंजन भिंतीशी उभा राहिला. "बाबा... मी तुम्हाले काय काय बोललो!"

"तू बोलला, रे. मी तर तेव्हापासून रोज स्वतःलेच तेच म्हणून राहिलो होतो."

"आईचा असा फोटो काहून नाही काढला आपण?"

"कोणाले माहीत होतं, बाबू..."

रक्त द्यायच्या खुर्चीवर बसल्यावर निरंजनने बाही वर केली. सुई दिसताच त्या चाळीस वर्षांच्या माणसाने, लहानपणी करायचा तसेच, तोंड फिरवून बापाच्या पोटात लपवले. त्याचे खांदे हलत होते. नरहरीने त्याच्या धुळीने भरलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला... सुई निघाली, कापूस लावला, पुढचा माणूस खोळंबला, तरी दोघेही उठले नाहीत.